सुमती दाराशी

बालीगंजला बसच्या रांगेत कालिंदीबाईंना मागून मराठी ऐकू आलं. त्यांचा जन्म कलकत्त्यातला, साडी बंगाली पद्धतीची. मागचे दोघे त्यांना बंगाली समजून बिनधास्त बोलत होते.

"दत्तोपंत, तुम्ही आणि बायकांची कादंबरी?"

"हिनं उशाशी ठेवली होती. सहज चाळायला घेतली."

"तुम्ही तर महायुद्धावरचे जाडजूड ग्रंथ वाचणारे."

"त्यात सैन्यं बुडाली तरी मी ढिम्म असतो, विनायकराव. इथं ती सुमती सासऱ्यांसमोर नुसतं 'नाही' म्हणते, आणि माझा चहा गार झाला. काय लिहिलंय त्या बाईनं."

"मग पुढं?"

"पुढं काय, ही पुस्तक घेऊन माहेरी गेली. सुमती दाराशी उभी, आणि मी इथं."

"वहिनींना पत्र टाकून शेवट विचारा."

"शेवट कळेल हो. ती वाक्यं कशी कळतील?"

कालिंदीबाई वळल्या. "माझ्याकडे आहे ती कादंबरी. घर पलीकडच्याच गल्लीत आहे, हेही घरी आहेत. चला."

तेवढ्यात बस आली. विनायकराव चढले, दत्तोपंत रांगेतून बाहेर पडले.

"दोन दिवसांत परत करतो, बाई."

"सावकाश करा. पण वाचून झाली की बोलायला या. इथं तिच्याविषयी बोलायला मला कुणीच नाही."