चाकाखालचा गोटा

...आता तुमीच सांगा, बैल सोडले का चाकाखाली गोटा लावा लागते का नाही? मंग माह्यं काय चुकलं? पन तो ठेसनातला पुन्याचा बाबू हासून हासून पार वाकला!

झालं असं का, पातुराकडून सालभराचा कापूस बैलगाडीत आनला अन् आगगाडीच्या डब्यात चढवला. उघडा डबा, लोखंडाचे चाकं, माह्या घरापरीस लंबा! अन् इंजन काय करते? त्याले तिथंच सोडून पानी प्याले निघून जाते! म्हंजे बैलच सोडले ना हो! अन् गोटा? कुठंच नाही! डबा घरंगळला तं सालभराचा कापूस गेला का नाही?

माह्या गाडीले एक गोटा टांगलेला असते, मोर्ना नदीच्या पात्रातला, वीस वर्साचा सोबती. तो सोडला, अन् देल्ला डब्याच्या चाकाखाली.

बाबू धावत आला, अन् गोटा पाहून हासून वाकला. "अहो आजोबा, ही आगगाडी आहे! काढा तो धोंडा!"

"बाबूसाहेब, बैल सोडले का चाकाखाली गोटा. गाडी कोनाचीबी असो. इंजन आलं का काढतो जी."

बाबू डोकं धरून बसला. मीबी चिलीम काढून बसलो. मले कायची घाई?

तेवढ्यात असं वारं सुटलं म्हनता! मांगच्या रुळावर तीन रिकामे डबे उभे होते, ते हळूच निघाले ना अकोल्याकडं, कोनाले न सांगता! बाबू धोतर सावरत मांगं, "अरे थांबा! थांबा रे!" आता डब्याले का कान असते? अन् माह्यावाला डबा? हालला, कुरकुरला, गोट्याले टेकला... अन् गपचूप उभा!

ते तीन डबे पुढं चढावर थांबले, हमालांनं ढकलत आनले. बाबू धापा टाकत म्हने, "आजोबा, हा दगड इथंच राहू द्या." इंजन आलं, कापूस सुखरूप गेला. गोट्यावर बाबूनं पांढऱ्या रंगानं नंबर टाकला. झाला गोटा आगगाडीचा! आता परत मांगावा कसा?

घरी माही बायको पार्बताबाई इचारते, "कापूस पोचला, पन गोटा कुठाय?"

काय सांगू तिले! दुसरा गोटा काही मनासारखा भेटत नाही. म्हनून बैल सोडले का चाकाले पाठ लावून मीच बसतो. सावली असते, चिलीमबी होते... नंबर टाकाचा तेवढा राह्यला.