दार नसलेल्या आळीत

(शनिशिंगणापूर, जुनं गावठाण. खुर्च्या, टब, बादल्यांनी भरलेला टेम्पो आळीत उभा आहे.)

हर्षल: मामा, मी जाहिराती लिहितो. रस्त्यावर ओरडत नाही.

सूर्यभान: माझा घसा पार बसलाय, अन् रेकॉर्ड वाजवायचं यंत्र काल बंद पडलं. घे माईक, भाच्या.

हर्षल: दोन महिने झाले, एक धड ओळ सुचलेली नाही मला. चहाच्या जाहिरातीसाठी तीस ओळी दाखवल्या. मॅडम म्हणाल्या, सगळ्या कुठंतरी वाचल्यासारख्या वाटतात. सोमवारी शेवटची संधी, नाहीतर काम दुसऱ्याकडं.

सूर्यभान: म्हनून तर ताईनं तुला माझ्याकडं धाडलं. म्हनली, पोरगं पुन्यात भिंतीकडं बघत बसतंय, जरा गावं फिरव. सोमवार परवा हाय. आज टब इक.

हर्षल: बरं. माता-भगिनींनो, आपल्या घराच्या सौंदर्यात भर घालणारी दर्जेदार उत्पादने…

सूर्यभान: आरं, इलेक्शन हाय का? दिसतंय ते बोल.

हर्षल: बादल्या आल्यात, टब आलेत. दारात टाकायला रंगीत पायपुसणी आलीत. ताई, दाराबाहेर पाय पुसा, दाराच्या आत लक्ष्मी.

बनुबाई: कुठल्या दाराच्या म्हनं?

हर्षल: तुमच्याच, आजी.

बनुबाई: दाव बरं कुठंय. ही नुसती चौकट हाय. ह्या आळीत एकाच्या बी घराला दार न्हाई. शिंगनापुरात उभा हायेस तू, लेकरा.

हर्षल: मामा, तू हसतोयस. तुला माहीत होतं.

सूर्यभान: व्हय. पन कालपासनं पयल्यांदा सलग बोलत हुतास. म्हनलं, बोलू दे.

बनुबाई: अगं सूनबाई, दिपाली, भाईर ये. ह्यो शहरातला पोरगा आपल्याला दारं इकाया आलाय.

हर्षल: दारं नाही आजी, पायपुसणी. थांबा, माईकवरच सांगतो. बायांनो, ज्याच्या घराला दार आहे त्याच्याकडं पाहुणा बाहेर थांबतो, पाय झटकतो. तुमच्याकडं तो थेट आत येतो. चिखलासकट येतो. मग पायपुसण्याची गरज जास्त कुणाला?

बनुबाई: आमालाच की.

हर्षल: लाल की हिरवं?

बनुबाई: लाल दे. दिपाली, तुला हिरवं घे. सासऱ्याचे पाय पुसून घेत जा आता.

सूर्यभान: आयला, समोरच्या बी दोघी आल्या. बोल भाच्या, थांबू नको.

हर्षल: आता टब. ह्यात गोधडी बसेल, ह्यात नातू बसेल. दोघांना एकदम बसवू नका, नातू गोधडी सोडणार नाही.

बनुबाई: खरंय ग बाई, आमच्या नातवाचं तसंच हाय. दोन दे.

हर्षल: मामा, मला खुर्चीचं पण सुचलंय.

सूर्यभान: खुर्च्या उतरवू तरी दे.

हर्षल: आजी, एक विचारू? दार नाही म्हणजे कडी नाही. मग कुणी आलं तर कळतं कसं?

बनुबाई: आता ही शेजारची सविता. ती भाईरनंच आवाज देती, चहा टाकला का म्हनून. मी म्हनायचं, टाकला. की ती आत.

हर्षल: आणि टाकलेला नसला तर?

बनुबाई: तरी टाकला म्हनायचं. मग टाकायचा.

हर्षल: परत म्हणा.

बनुबाई: काय परत म्हनू? टाकला म्हनायचं, मग टाकायचा. त्यात काय एवढं?

हर्षल: मामा, पेन दे. लवकर.

सूर्यभान: आरं, रडतोयस का हसतोयस?

हर्षल: दोन महिने मी उकळी लिहिली, वाफ लिहिली, ताजेपणा लिहिला. चहा मागणारं माणूसच नव्हतं त्यात. आजी, हे मी जाहिरातीत घेऊ का? बोलणं तुमचं आहे, तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार.

बनुबाई: घे की. रोजचंच बोलनं हाय ते. पन सविताला बी इचार. इचारनारी ती, मी नुसती व्हय म्हननारी.

हर्षल: दोघींची नावं सांगेन मी मॅडमना.

सूर्यभान: अन् मॅडमला न्हाई आवडलं तर?

हर्षल: तर दुसरं आणीन. मामा, आमच्या सोसायटीचा वॉचमन रोज गेट उघडताना मला काहीतरी म्हणतो. मी कानात गाणी लावून पुढं जातो. चार वर्षं झाली.

सूर्यभान: नाव काय त्याचं?

हर्षल: माहीत नाही.

सूर्यभान: चार वर्षं म्हनलास न्हवं?

हर्षल: हो. सोमवारी आधी तेच विचारतो.