दोन टाक्या आणि एक जावई

नाही, पण मला सांगा, जावयाला गाढव म्हणता येतं का? नाही ना येत? मग गाडी शिकवायची कशी? वर्कशॉपमध्ये लष्कराच्या ट्रकांखाली माझं आयुष्य गेलं. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हाताखाली जो आला तो शिव्या खाऊन शिकला आणि नीट शिकला. तुम्हाला सांगतो, शिवीशिवाय नट आवळला जात नाही.

आणि आता शिकाऊ कोण, तर आमच्या किर्तीचे यजमान, अभिजीतराव. अंबरनाथची त्यांची कंपनी बंद पडली, इकडे मला मोतीबिंदू, आणि दारात माझा लिलावात घेतलेला लष्करी ट्रक, मागे ट्रेलर, दोन्हींवर पाण्याच्या टाक्या. सोसायट्यांना पाणी पुरवायचं, त्यावर दोन घरं चालतात. अभिजीतरावांनी लायसन काढलं, चालवतातही बरं. पण गाडी चालवणं वेगळं, सांभाळणं वेगळं. मी सांगितलं, थांबलात की आधी प्रत्येक चाकाच्या मध्यावर हात ठेवा, चटका बसला तर समजा ब्रेक आत चिकटलाय. तर यांनी रुमाल ठेवून हात लावला. म्हणे, "बाबा, हात काळे होतात." रुमालातून डोंबल कळणार? पण बोलणार कसा? जावई आहे.

बरं, या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा खाली एका छोट्या टाकीत साठते, आणि हवेतला ओलावा तिथे पाणी होऊन बसतो. ते रोज सकाळी काढायचं. नाही काढलं तर आत गंज, गंजाने व्हॉल्व्ह अडकला की उतारावर ब्रेक दाबत बसा, भरलेला ट्रेलर मागून ढकलतोच आहे... विचार केला तरी माझी झोप उडते. त्यात जीव माझ्या लेकीच्या नवऱ्याचा. हे सगळं दाखवलं होतं हो मी त्यांना, पण पँटला डाग नको म्हणून हे चार हात लांब उभे.

तर मागच्या महिन्यात कात्रपला पाणी घेऊन गेलो. सोसायटीत दोन दिवस पाणी नाही, बायका ड्रम घेऊन खाली. मी जरा टपरीवर टेकलो, आणि आठवलं. तिथूनच विचारलं, "अभिजीतराव, टाकीतलं पाणी काढलंत का?"

"नाही बाबा. काढू?"

"काढा."

"सगळं?"

"सगळं. थेंब ठेवू नका."

चहा तोंडाला लावतोय तर पायाखालून ओढा. यांनी मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला. पहिल्या मजल्यावरून मालिनीबाई म्हणतात, "आजोबा, आज रस्त्याची आंघोळ का? आमची कधी?" आणि हे समाधानाने हात पुसत, "झालं बाबा. आता ट्रेलरचं पण काढू?"

बोलणार कसा? जावई आहे. ट्रेलरचं पाणी त्या बायकांना दिलं, ते अर्ध्यांनाही पुरलं नाही, बाकीच्यांचं मान खाली घालून ऐकलं. घरी आलो तर आमची बायको बकुळा दारातच. "एक शब्द बोललात तर बघा. रुसून बसले तर गाडी कोण चालवेल, तुम्ही?" तेही खरं. उल्हासनगरचा भंगारवाला आत्तापासूनच विचारतो, "काका, गाडी कब काट रहे हो?"

रात्रभर गिळून ठेवलं. सकाळी गाडीपुढे उभा राहिलो, हे मागे उभे, आणि बॉनेटवर थाप मारून गाडीलाच म्हणालो, "अगं ए गाढवे, खालची छोटी टाकी कुठली आणि वरची मोठी कुठली, एवढं कळत नाही तुला? अक्कल लिलावातच राहिली का?" चांगलं पोटभर बोललो. हलकं वाटलं.

आणि तुम्हाला सांगतो, लागू पडलं. दुसऱ्या दिवशी हे स्वतः गाडीखाली शिरले, छोट्या टाकीची कडी ओढली, फस्स करून तांबडं पाणी बाहेर. रुमाल खिशातच. तेव्हापासून रोज सकाळी मी गाडीला झापतो आणि हे शिकतात. चाकांना हात लावतात, ट्रेलर सोडायच्या आधी चाकाखाली ठोकळा घालतात. मला वाटलं, सुटलो.

आज सकाळी मी गाडीला झापायला तोंड उघडणार, तर हेच पुढे झाले. बॉनेटवर हलकेच थोपटलं आणि म्हणाले, "वय झालं गं तुझं. सगळं येतं मला आता. किती करकर करशील? गुपचूप चल जरा."

मी मुकाट बाजूच्या सीटवर चढून बसलो. बोलणार काय? ते गाडीला म्हणत होते.