कापलेली रेघ

(प्रयोगशाळेला लागून मॅडमची खोली. दार आतून लावलेलं.)

मॅडम : प्रबंधावर माझी सही मिळणार नाही. म्हणे हा आरएनए सहा तास टिकतो! काहीही काय!

विद्यार्थिनी : तीनदा केलं, मॅडम. तिन्ही वेळा सहाच तास.

मॅडम : अगं, सूज आणायचा जनुकाचा निरोप आहे तो. पेशीने सहा तास जपला तर माणूस सुजून मरेल! काम झालं की पेशी तो फाडून टाकते, वीस मिनिटांत. हे मी दाखवलं तेव्हा तू रांगत होतीस.

विद्यार्थिनी : फाडते, मान्य. पण हा इतक्यात नाही.

मॅडम : नवे निरोप थांबवणारं औषध घातलं नसशील. पेशी नवे लिहीत बसली आणि तुला वाटलं, जुनाच टिकलाय.

विद्यार्थिनी : घातलं. दर वेळी नवी बाटली फोडून.

मॅडम : नाचता येईना, अंगण वाकडं! आधी माझा प्रयोग बघ, मग तोंड उघड.

विद्यार्थिनी : बघितला. कपाटातला मूळ फोटो, आरएनएच्या रेघांचा. छापलेला नव्हे, अख्खा.

मॅडम : कुणाला विचारून कपाट उघडलंस?

विद्यार्थिनी : किल्ली तुम्हीच दिलीत. त्या फोटोत खाली दुसरी रेघ आहे, दिवसभर टिकणाऱ्या आरएनएची. तुलनेसाठी घेतलेली. पहिल्या नळीत, शून्य मिनिटाला, दोन्ही रेघा ठळक. पुढच्या चारही नळ्यांत दोन्ही गायब. छापताना खालची कापलीत.

मॅडम : जीभ सांभाळ!

विद्यार्थिनी : त्याच दिवशी वहीत तुमच्याच अक्षरात आहे, 'पहिल्या नळीनंतर हातमोजे संपले, मागवणे.' उघड्या बोटांच्या घामाने आरएनएचा भुगा होतो, हे तुम्हीच शिकवलंत. तो पेशीने फाडलाच नव्हता, मॅडम. तुमच्या हातांनी गेला.

मॅडम : त्या एका शोधावर ही खुर्ची मिळालीय मला, कळतंय का? आकडे बदल. आत्ता सही करते.

विद्यार्थिनी : नाही बदलणार. चार वर्षं पाण्यात गेली तरी चालेल.

मॅडम : मग चालती हो! बस घरी!

विद्यार्थिनी : बसेन. माझ्या आधीचे चौघे बसले तशी. त्यांच्याही वह्या वाचल्या मी. सगळ्यांना सहाच तास आले होते. आणि प्रत्येक वहीत तुमचा लाल शेरा, 'साधं औषध घालायची अक्कल नाही. काम बंद.' त्यांना ते खरं वाटलं, मॅडम. एकानेही पुन्हा नळी हातात धरली नाही.

मॅडम : ...दे तो कागद.

विद्यार्थिनी : सही करताय?

मॅडम : चौघे नव्हते गं. पाच होते. पाचव्याची वही मी फेकून दिली.