अन्नपूर्णा कुठल्या डब्यात?

आमच्या वरच्या मजल्यावरचा जर्मन भाडेकरू, क्लाउस, माहितीये ना? मेला अख्ख्या बिल्डिंगचा कचरा निवडत बसतो.

परवा सासूबाई देवघरापुढे पांढऱ्याफटक. लग्नात माहेरहून आलेली त्यांची बोटभर पितळी अन्नपूर्णा गायब! पूजेच्या शिळ्या फुलांबरोबर निर्माल्यातच गेली असणार. दाराला अडकवलेली निर्माल्याची पिशवीही नाही!

मी धावत जिन्यात गेले, तर समोर क्लाउस. मराठी शिकलाय, ठणकावून म्हणाला, "फुलं ओल्यात टाकली, पिशवी सुक्यात."

कचरेवाल्या ताई तर मघाशीच डबे रिकामे करून गेल्या होत्या. मागे सासूबाई मटकन पायरीवर बसल्या.

क्लाउसने खिशातून अन्नपूर्णा काढली. "हिचं काही कळेना. ही ओल्यात की सुक्यात?"

सासूबाईंनी ती हिसकावलीच. "अहो, ती घरात!"