लॉर्कन देवानी कामावरून सुटला त्याबाबत

नाव: उना मॅकेव्हॉय. वय: ६९ वर्षे. धंदा: पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक, आता निवृत्त, कामगार संघटनेच्या सभांतून भाषणे करते. राहणार: कूम, डब्लिन.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, पीडर गोगन, वय ८१, यांना मी चाळीस वर्षे ओळखते. रेव्हन्स लेनमधल्या छापखान्यात ते कंपोझिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवत, मी प्रुफे तपासत असे. छापखाना बंद झाला. त्याच इमारतीत आता हॉटेल आहे. हॉटेलचे व्यवस्थापक फर्गल टिमन्स यांची तक्रार अशी की, शनिवारी गोगन यांनी जमाव आणून दंगा केला आणि हातोडी फेकून दारावरची काच फोडली. त्यावरून गोगन आपल्या ठाण्याच्या कोठडीत आहेत. त्या वेळी मी त्यांच्या मागे चार पावलांवर होते, म्हणून जबाब द्यायला आले आहे.

शनिवारी दुपारी शहराने त्या इमारतीवर पाटी बसवली. मजकूर असा: 'क्रांतिकारक लॉर्कन देवानी या ठिकाणी कंपोझिटर म्हणून काम करीत होते.' मी तिथे दोन शब्द बोलले. जन्मला ते घर सगळे पुजतात, गोळी घातली ती भिंतही पुजतात. माणूस रोज उभा राहून ज्या जागी भाकरी कमावतो ती जागा आज या शहराने पुजली, आणि ज्या हातांनी खिळे उचलले त्याच हातांनी...

सार्जंट क्विर्क म्हणाले, "बाई, भाषण नको. घडलं ते सांगा." म्हणून इथे थांबते.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगणे भाग आहे. कंपोझिटर कामावरून कायमचा निघाला की सगळे जण हाताला लागेल ते लोखंड लोखंडावर बडवतात. याला वाजवून काढणे म्हणतात. कामगारांनी निवडलेला म्होरक्या, ज्याला आम्ही फादर म्हणतो, एका हातात आपली टोपी घेतो, दुसऱ्या हाताने जाणाऱ्याचे कोपर धरतो आणि त्याला दारापर्यंत पोचवतो. जाणाऱ्याने उंबरा ओलांडला की आवाज बंद. ज्याला वाजवून काढले नाही तो कामावरच आहे, असे आम्ही धरतो. देवानी इंग्रजांविरुद्धच्या उठावाच्या आदल्या दिवशी कामाचा डगला खुंटीला अडकवून गेला. पुढे फौजेने त्याला गोळ्या घातल्या. त्याला कुणी वाजवून काढले नव्हते. गोगन हे आमचे शेवटचे फादर.

पाहुणे आत जेवायला बसल्यावर आम्ही जुने तीसेक लोक आत गेलो. कोटांतून, बाजाराच्या पिशव्यांतून हातोड्या, लोखंडी पाने, झारे, कढया निघाल्या. बांधणी खात्यातली ओर्ला डिग्नम म्हणाली, "फादर, चहाच पिऊन आलात ना? नाहीतर देवानीला मुदपाकखान्यात न्याल." गोगन म्हणाले, "तू तुझी कढई सांभाळ. माझ्या निरोपाला सगळ्यात बेसूर तूच वाजवली होतीस."

देवानी जिथे उभा राहत असे त्या खिडकीशी आता नाश्त्याचे टेबल आहे. तिथे जाऊन गोगन यांनी टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "चल रे लॉर्कन. सुटी झाली."

मग सुरू झाले. जिन्याचा कठडा, कढया, दाराच्या सळ्या. टिमन्स धावत आले. "अहो आजोबा, आवरा यांना! लोक जेवताहेत!" ते गोगन यांना ऐकू गेले नसावे. मी आयुष्यभर मैदानांत बोलले आहे. त्या आवाजासाठी माझ्याजवळ शब्द नाही. जमीन पायांतून वर येत होती. दारावरच्या कमानीतली काच थरथरली, तडकली आणि पडली. कुणी काही फेकले नाही.

गोगन गेली सहा वर्षे काठीशिवाय चालत नाहीत. काठी खिडकीशीच राहिली होती. ते ताठ चालत होते, किंचित डावीकडे रेलून. हॉटेलच्या दारवानाने दार उघडले. गोगन बाहेर पडल्यावरही त्याने ते धरून ठेवले, मागून कुणी येत असल्यासारखे. मग लावले.

त्या क्षणी सगळे हात थांबले. इशारा कुणी केला, असे मला विचारण्यात आले. कुणीही नाही. मी दाराकडे पाहत होते आणि माझा हात आपोआप थांबला. इतरांचेही तेच म्हणणे आहे.

हातोडी गोगन यांनी फेकली नाही हे कशावरून, असे विचारल्यावरून सांगते की त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. एका हातात टोपी होती.

"आणि दुसरा?" सार्जंट क्विर्क यांनी विचारले.

"देवानीच्या कोपराला."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "उनाबाई, हे मी कसं लिहू?"

मी म्हणाले, "घडलं तसं. हे खोडलंत तर माझी सही नाही. आणि त्या म्हाताऱ्याला घरी जाऊ द्या."

त्यांनी लिहिले.

हा जबाब सार्जंट क्विर्क यांनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. कोपराची ओळ त्यांनी उभे राहून वाचली. मी सांगितले तेच यात उतरले आहे. ते खरे आहे, म्हणून खाली सही करते.

उना मॅकेव्हॉय