काळ्या टरफलाचा धान

सुमित्रा : बाक ओढा, बाई! तिकडून धरा. दाराले लावा. जोर लावा जी!

प्रेमिला : लावतेय ना! ही कडी टिकेल का?

सुमित्रा : शाळेची कडी हाये. पोरं कोंडाले लावली होती, डोमनलालसाठी नाही.

प्रेमिला : हिचं रक्त थांबत नाहीये, सुमित्रा. माझा सगळा पदर भिजला.

सुमित्रा : दाबून धरा. भुवईवर फुटलं तं रक्त लय येते. दुलारी, हात दाखव वो. बोटं हालव. हालव माय... नाही हालत.

प्रेमिला : मनगटाच्या वर मोडलाय. देवा, मला बघवत नाही.

सुमित्रा : पाहा. तुमीच शिकवल्या ना वर्गात? समोरची बाई भेली असली का आपलं तोंड भेलेलं दिसू देवाचं नाही म्हणून.

प्रेमिला : वर्गात शिकवणं सोपं होतं गं.

डोमनलाल (दाराबाहेरून) : सुमित्रे! दरवाजा खोल!

सुमित्रा : नाही खोलत.

डोमनलाल : माही बायको हाये ते. माह्या घरची. बाहेर काढ तिले.

सुमित्रा : तुही बायको हाये तं हात काऊन मोडला तिचा?

डोमनलाल : एकच मोडला. दुसरा बाकी हाये.

प्रेमिला : अहो, ऐका! मी प्रेमिला देशकर, नागपूरहून आलेय. सरकारी कामावर आहे. दाराला हात लावाल तर पोलिसांत जाईल हे.

डोमनलाल : जाऊ द्या. केशोरीवरून पोलीस येईतवर हिचं जे कराचं ते करून होते माहं. तुमी नागपूरच्या बाई, तुमाले काही करत नाही. तुमी बाजूले व्हा फकत.

प्रेमिला : बाजूला होणार नाही.

डोमनलाल : मंग तुमच्या अंगावरून जाईन. ए बकाराम, कुऱ्हाड आण घरून. जाय लवकर!

प्रेमिला : तासाभरापूर्वी याच खोलीत एकोणीस बायका बसल्या होत्या. नवरा-बायकोच्या जवळीकीवर तुझा सराव पाठ चालला होता. मी वहीत लिहिलं, बाई न लाजता शिकवते, ऐकणाऱ्या बायकाही हळूहळू लाजणं सोडतात. आधी हसल्या त्या, मग गप्प झाल्या, मग बोलायला लागल्या. मला वाटलं, हीच माझी सगळ्यात चांगली शिकाऊ बाई. आणि मग ही रक्तानं माखलेली दारातून आत आली.

सुमित्रा : विहिरीपाशी गाठलं तिले त्यानं. चऱ्हाट हाती होतं, त्यानंच. मंग दगडानं.

प्रेमिला : पण त्याला कळलं कसं? आपण तर कोणाचं नाव विचारलं नव्हतं.

डोमनलाल : कसं कळलं म्हणता? मी शाळेचा पंच हावो! खिडकीतून पाह्यलो सारं. मडकं सुपावर पालथं केलं तुमी, अना त्याच्यात काळ्या टरफलाचा धान होता. माहा धान!

प्रेमिला : एक दाणा! एका दाण्यावरून माणूस बायकोचा हात मोडतो?

सुमित्रा : त्याच्यावरूनच मोडला, बाई. काळ्या टरफलाचा धान अख्ख्या गावात एकट्या त्याच्या बांधीत होते, तळ्याखालच्या वावरात. त्याच्या बापानं आणलं होतं ते बियाणं. दुसऱ्या कोनाकडं नाही.

प्रेमिला : म्हणजे दाण्यावरून घर ओळखता येतं?

सुमित्रा : चार वर्साचं पोरगं ओळखते. लुचई धान कोनाचा, गुरमटिया कोनाचा, चिन्नोर कोनाच्या घरी. आमी तेच तं पाहात जगतो.

प्रेमिला : मी समजत होते, धान म्हणजे धान. बायकांना लिहिता येत नाही, तर इलेक्शनात पेटीत चिठ्ठी टाकतात तसा दाणा टाकायचा, इतकाच माझा विचार. मन नसताना नवरा मारून जवळ घेतो, तिनं धान टाकावा. विचारून घेतो, तिनं लाखोरीच्या डाळीचा दाणा. प्रत्येकीनं आपापल्या घरून मुठीत आणायचं, म्हणजे कोणाच्या हातात काय आहे ते शेजारणीलाही दिसणार नाही. सुमित्रा, हे मी शिकवलं तुला. ही चूक माझी आहे.

सुमित्रा : तुमची कशी? तुमाले कुठं मालूम होतं. मले होतं.

प्रेमिला : काय?

सुमित्रा : वर्गात तुमी सांगतल्या तवाच मनात आलं, बाई, घरून आणलेला दाणा घर सांगते. एकाच पोत्यातला वाटाले पाहिजे. पण वर्गातल्या पंचवीस शिकाऊ बायकांसमोर शिकवणारीले कसं टोकाचं? माहं चौथी शिक्षण. मी म्हणली, नागपूरचं शिकलेल्या बाईनं सांगतलं, ते बरोबरच असन. तोंड दाबून बसली मी. त्या तोंड दाबण्यानं हात मोडला पाहा हिचा.

डोमनलाल : काय कुजबुजून राहिल्या? आयका! मले फकत दुलारी नोको. मडकंही पाहिजे.

प्रेमिला : मडकं कशाला?

डोमनलाल : इथं खुशाल हाये, केवलराम हाये, बिसराम हाये. दहा माणसं हायेत. ज्याचा त्याचा धान ज्याले त्याले ओळखू येते. ज्याच्या घरचा निघन त्यानं पाहून घ्याचं आपल्या बाईकडं. इज्जत काढता का गावाची, सुपावर मांडून?

प्रेमिला : सुमित्रा, धान किती होते?

सुमित्रा : चौदा.

प्रेमिला : चौदा हात.

सुमित्रा : कुऱ्हाड आली, बाई. आवाज आयकला? दाराची फळी फुटली वरची. बाकावर बसा. आंग टाकून बसा. मी मडकं घेते.

प्रेमिला : खिडकीतून फेकून दे!

सुमित्रा : फेकले तं वेचतील. माणसं तिकडं बी हायेत. ओटीत घेते, अना... थांबा.

प्रेमिला : काय झालं?

सुमित्रा : काळे दोन हायेत.

प्रेमिला : काय दोन?

सुमित्रा : काळ्या टरफलाचे दाणे. दोन. मघा सुपावर मी मोजले नुसते, पाह्यले नाही. त्यानं खिडकीतून एकच पाह्यला.

प्रेमिला : हिनं दोन टाकले असतील. दुलारी, तू दोन दाणे टाकलेस का? मान हलव नुसती. ... नाही म्हणते. एकच.

सुमित्रा : एकीनं एकच टाकला. मी हात पाहून राहिली होती साऱ्यांचे.

प्रेमिला : मग त्याच्या घरून आणखी कोण आलं होतं? ... सुमित्रा! त्या म्हाताऱ्या बाई. भिंतीला टेकून बसलेल्या, शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत त्या.

सुमित्रा : हळू बोला.

प्रेमिला : त्याची आई! गिरजाबाई! अगं, सांग त्याला. आत्ताच्या आत्ता सांग, तुझ्या आईचाही दाणा आहे यात म्हणून. जागच्या जागी थिजेल तो.

सुमित्रा : नाही सांगत.

प्रेमिला : वेडी आहेस का? दार फोडतोय तो!

सुमित्रा : मी त्या बायकांले शब्द देली होती, बाई. या खोलीत उभं राहून म्हणली, जे मडक्यात पडन ते कोनाचं हे कोनाले कळनार नाही. त्या शब्दावर साठ वर्साच्या बाईनं मूठ उघडली. मी आपला जीव वाचवाले तिचं नाव चावडीवर टांगू?

प्रेमिला : आपला जीव नाही, हिचा! हिच्याकडे बघ! हा आत आला तर मारून टाकेल हिला. तू नाही सांगत तर मी सांगते.

सुमित्रा : सांगा. मंग उद्यापासून माहं नाव काढून टाका तुमच्या वर्गातून. मले नाही शिकाचं हे काम. बायकांचं बोलणं बाहेर नेणाऱ्या लय हायेत गावात, त्याले शिक्षण नाही लागत.

प्रेमिला : बरं. नाही सांगत.

सुमित्रा : तो आला तं पहिले मी उभी हावो. कोपऱ्यात ते पोरांले माराची छडी हाये, ते द्या मले. अना हे घ्या, हात पसरा. सात तुमी, सात मी.

प्रेमिला : हे काय?

सुमित्रा : धान. चावा अना गिळा. टरफल टोचते, पण जाते.

डोमनलाल : अजून एक घाव, बस! दुलारे! आयकून राहिली का? तुह्या हातानं तुलेच चूल पेटवाले लावीन, अना त्यातच घालीन तुले!

सुमित्रा : घाल! पण मडकं रिकामं झालं, डोमनलाल. आयका रे साऱ्यांनी, खुशाल, केवलराम! दाणे आमी खाल्ले. आता ओळखा कोनाचा कोनता ते. आमचं पोट फाडा अना ओळखा!

डोमनलाल : खाल्ले? हरामखोर! माहा तं मी पाह्यलो ना! माह्या डोळ्यानं पाह्यलो! बाकीच्यांचं जाऊ दे, माही बायको मले काढून दे!

प्रेमिला : फळी गेली, सुमित्रा. त्याचा हात आत आला.

सुमित्रा : दुलारीच्या समोर बसा. तिले काही दिसू देऊ नोका.

गिरजाबाई (दाराबाहेरून) : डोमन.

डोमनलाल : माय, तू घरी जाय. इथं तुहं काम नाही.

गिरजाबाई : कुऱ्हाड खाली कर.

डोमनलाल : जाय म्हणलो ना! हिनं घराचं नाक कापलं. आपल्या घरचा धान होता तिथं, सांगून राहिलो तुले.

गिरजाबाई : दोन होते.

डोमनलाल : एक होता. मी पाह्यलो.

गिरजाबाई : तू एक पाह्यला. दुसरा माहा होता.

डोमनलाल : ...काय बोलून राहिली तू? बा मरून अकरा वर्सं झाली.

गिरजाबाई : झाली.

डोमनलाल : मंग कायले टाकला?

गिरजाबाई : कोनं इचारलंच नव्हतं आजवर. चाळीस वर्सात या पोरीनं पहिल्यांदा इचारलं. मी सकाळी धानाच्या ढोलीतून एक दाणा काढला, मुठीत घेऊन बसली. टाकू का नोको टाकू, टाकू का नोको. मंग टाकला.

डोमनलाल : माय, लोकं आयकून राहिले.

गिरजाबाई : आयकू दे. सुमित्रेनं नाही सांगतलं माहं नाव, दार फुटलं तरी. मी इथं उभी राहून आयकली ना, दाणे खाल्ले म्हणे. मले गप राहता आलं असतं. तुले याद हाये का डोमन? तुहा बा मले माराचा तवा तू खाटंखाली घुसून बसत जाय. कानात बोटं घालून. मी मार खाताना तुहे पाय पाहो, खाटंखाली, थरथर करत. वाटे, हा पोरगा मोठा झाला का कोनावर हात नाही उचलणार.

डोमनलाल : माय...

गिरजाबाई : खाली ठेव ते. अना तुमी काय उभे हा रे, खुशाल? बिसराम? आपापल्या घरी जा. तुमच्या मायांले इचारा जाऊन.

प्रेमिला : काय झालं? आवाज कसला?

सुमित्रा : कुऱ्हाड पडली, बाई. त्याच्या हातातून. ओट्यावर बसला तो. डोक्याले हात लावून.

गिरजाबाई : सुमित्रे, दार खोल वो. गाडी जुपाले सांगतली हाये मी. अर्जुनीले नेते डाक्टरकडं. मी बसते तिच्याजवळ गाडीत. तो नाही येत.

प्रेमिला : उघडू का गं? उघडू ना?

सुमित्रा : मले नोका इचारू, बाई. दुलारीले इचारा.